जोडीदाराचं बटन

उभ्या हिंगोली जिल्ह्यात आमच्या मिस्त्रीचाचांइतका हट्टी माणूस झाला नाही. झाला असेल तर त्यानं आपला हट्ट इतक्या मऊ आवाजात चालवला नसेल. गोरेगावच्या बाजारात त्यांचं सुतारकामाचं दुकान आमच्या घराला लागून होतं. ओळंब्यात नसलेली, जराशी कललेली चौकट दिसली की चाचा परक्याच्या लग्नातही जेवणावरून उठून ती ठोकायला लागत. तीस वर्षं ते आणि तांड्यावरचे त्यांचे जोडीदार मोठी करवत दोन टोकांनी ओढून ओंडके चिरत आले होते, एक वर, एक खाली. दोघांत बोलणं फार नसे. काय ते करवतच बोले.

नव्वदच्या दशकात चाचांनी एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याच्या भंगारातून बिडाचं जुनं यंत्र बैलगाडीत घालून आणलं. करवत, रंधा, भोकं पाडायचं गिरमिट, सगळं एकाच अंगात. गंजून लालभडक झालेलं ते धूड पाहून कुणी विचारलं, “चाचा, हे जित्तं हाय का?” ते म्हणाले, “नाडी लागून राहिली.” मग दोन वर्षं ते त्याला रॉकेलनं आणि विटेच्या भुकटीनं घासत होते. झिजलेले बुश काढून त्यांनी बेअरिंग घातले, मोटर बसवली, आणि रंध्याच्या पात्यांचा चौकोनी रूळ टाकून गोल रूळ घडवून आणला. “चौकोनी रूळ बोटं मागतो, बेटा.”

मी तेव्हा पत्रकं वाचून आणि पत्रकं लिहूनच मोठा होत होतो. यंत्र कष्टकऱ्याचा घास हिरावतं, असं एक जळजळीत पत्रक मी त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उभ्याउभ्या शेवटपर्यंत वाचलं आणि रंध्याच्या पात्याखालच्या फटीत सरकवून पाहिलं. “बराबर. अंतर एवढंच पाह्यजे. आणखी हायेत का?”

मी चिडून विचारलं, “मग तुमच्या जोडीदारानं काय करायचं?” कारण यंत्र फिरू लागल्यापासून तो माणूस दुकानाकडे फिरकला नव्हता. दुसऱ्या दिवशी चाचांनी वायरमन बोलावला आणि यंत्राचं बटन आठ पावलांवरच्या खांबावर नेलं.

“एवढ्या लांब काहून, चाचा?” मी विचारलं.

“माझे दोन्ही हात फळीवर राह्यले पाह्यजेत.”

“मग दाबणार कोण?”

“तेच तर,” म्हणत चाचांनी सायकल काढली. मला मागं बसवून ते तांड्यावर गेले. जोडीदार खाटेवरून उठले नाहीत. “मिस्त्री, आता माझी काय गरज?”

“एकट्यानं चालू होत न्हाई, गड्या. तकलीफ होऊन राहिली.”

“तुला एकट्याला कवा काय जमलंय,” असं पुटपुटत त्यांनी पागोटं शोधायला घेतलं.

पुढं दहा-बारा वर्षं ते खांबाशी उभे राहिले. नंतर त्यांची नजर गेली, तरी भिंत चाचपत येत. एका दुपारी चाचांची बाही पट्ट्यात गेली. चाचांच्या तोंडून शब्द फुटायच्या आत यंत्र थांबलं होतं. बाही गेली, हात राहिला. “आवाज बदलला,” एवढंच जोडीदार म्हणाले. निमित्त म्हणून लावलेलं ते बटन त्या दिवशी खरं ठरलं. माझ्या एकाही पत्रकानं तोवर एकाही माणसाचं काम वाचवलं नव्हतं.

जोडीदार गेल्यावर काही महिन्यांनी मी गावी आलो. यंत्र तेल देऊन, पुसून ठेवलेलं होतं. चाचा जमिनीवर बसून हातरंध्यानं दाराची फळी घासत होते. न राहवून मी विचारलं, “चाचा, बटन इकडं घ्यायला किती वेळ लागंल?”

“धा मिन्टं,” ते म्हणाले, आणि फळी उलटी करून दुसऱ्या बाजूनं घासू लागले.