फ्रँकफर्टच्या बाजारातला चक्का

शनिवार उजाडला की मला अजून फ्रँकफर्टचा बाजार आठवतो. ओल्या फरशीवर पडलेली कोबीची पानं, फुलवाल्यांच्या बादल्या, आणि चीजच्या टपरीवरून येणारा तो आंबूस वास. त्या वासाला लेक नाक मुरडायची. मला मात्र कामावर आल्यासारखं वाटायचं.

कऱ्हाडला माझा चक्का-पनीरचा कारखाना होता. घरच्या ओट्यावर दोन किटल्या दुधाने सुरू केलेला. पुढे आमच्या भागातली लग्नं माझ्या श्रीखंडाशिवाय लागेनाशी झाली. लेकीच्या बाळंतपणासाठी मी जर्मनीला गेले आणि इकडे यांनी कारखाना विकून टाकला. कागदावर नाव यांचं होतं, कारण पहिलं कर्ज यांच्या नोकरीवर मिळालं होतं. मला ते कळलं जावयाच्या तोंडून. त्या दिवसापासून मी यांच्याशी बोलणं टाकलं. मला न्यायला म्हणून हे फ्रँकफर्टला आले, तेव्हा मी लेकीला सांगून ठेवलं होतं: विमान मुंबईला उतरलं की मी पुण्याला बहिणीकडे जाणार. कऱ्हाडला यांनी एकट्याने जावं.

घर दोन खोल्यांचं. आमचं न बोलणं लेकीला बाळाच्या रडण्यापेक्षा जड झालं. हे आल्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी तिने आमच्या हातात पिशवी दिली आणि म्हणाली, “जा दोघं. काय गप्प बसायचंय ते बाहेर बसा.”

तिथे मी भाव केला. चीजवाली माझ्याच वयाची, दंडाने भरलेली बाई. चार तुकडे निवडून मी बोटांवर रक्कम दाखवली. तिने भावाच्या पाटीकडे बोट केलं. मी मान हलवून पुन्हा बोटं दाखवली. मागची रांग लांबत गेली. हे सवयीप्रमाणे दूर जाऊन फुलं बघायला लागले. बाईने भाव सोडला नाही, पण डोंगराकडच्या एका जुन्या चीजची चकती सुरीच्या टोकावर धरून मला दिली. आत मिठासारखे खडे, आणि चव भाजलेल्या खव्याच्या जवळची. मी ते जिंकल्यात धरलं. घरी लेक म्हणाली, “आई, चाखायला ती सगळ्यांनाच देते.” मग पुढच्या शनिवारी मी काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चाखत गेले. राखेत लोळवलेलं बकरीच्या दुधाचं, गवताच्या वासाचं, उन्हात विसरलेल्या मोज्याच्या वासाचं. या शेवटच्याला यांनी डोळे मिटून मान डोलावली. जन्मभर रात्री दही न खाल्लेला माणूस.

जायच्या आधीच्या शनिवारी त्याच चीजवालीने आम्हाला गल्लीतल्या एका खाणावळीकडे बोट दाखवलं. लांब बाकं, अनोळखी माणसं मांडीला मांडी लावून बसलेली. आमच्यापुढे बशी आली: तळहातात मावेल अशी पिवळट, काचेसारखी दिसणारी चकती, वर व्हिनेगरमध्ये भिजलेला कच्चा कांदा आणि शहाजिऱ्यासारखे दाणे. ‘हांटकेझं’ म्हणतात त्याला. सोबत पाव, लोणी आणि फक्त एक सुरी. यांनी काटा मागितला तेव्हा शेजारचे आजोबा हसले. हे काट्याने खायचं नसतं, असं त्यांनी खुणेने सांगितलं आणि सुरीने तुकडा उचलून पावावर ठेवून दाखवला. मी सुरीही बाजूला सारली. पावाचा तुकडा मोडला आणि भाकरीबरोबर कांदा उचलावा तसा उचलला. आजोबांनी ते नीट पाहिलं आणि स्वतःची सुरी खाली ठेवली.

चकती मोडली तर आत मधोमध पांढरं, भुसभुशीत. जिभेवर ठेवलं आणि मी न बोलण्याचं विसरले.

“अहो, हा चक्का आहे. साय काढलेल्या दुधाचा. पाणी पार निथळू दिलंय आणि मग पिकवलाय.”

यांनी चकती जवळ घेऊन पाहिली. हुंगली. मग विचारलं, “तुला जमेल हे?”

“कशात करू? कारखाना कुठंय?”

हे पावाला लोणी लावू लागले. मी म्हणाले, विकण्याआधी तुम्ही मला एक शब्द विचारायला हवा होता.

“विचारलं असतं तर भांडली असतीस.”

“भांडले असते. मग?”

“मग विकलं नसतं,” हे म्हणाले. “मी दमलो होतो गं. तू इकडे आलीस आणि पहाटेचं दूध, कामाच्या बायकांची भांडणं, सगळं माझ्यावर. मला ते जमत नव्हतं आणि तुला सांगायची भीती वाटत होती.”

इतक्या वर्षांत हा माणूस मला कशाला भितो, हे त्याने कधी सांगितलं नव्हतं. माझा राग गेला नाही. आज हे लिहितानाही तो आहे. पण समोरचा माणूस पडेल भावाला आलाय हे मला कळतं. मी सौदा मांडला. कऱ्हाडला येईन. नवी जागा बघायची, नाव माझं. आणि पहाटे दुधाचे कॅन तुम्ही धुवायचे.

“नाव तुझं,” हे लगेच म्हणाले. “कॅन नाही. मी हिशेब बघतो.”

“हिशेब मला येतो. कॅन.”

चाळीस वर्षांच्या संसारात यांनी माझ्याशी पहिल्यांदा घासाघीस केली. थंडीत हात बधिर होतात म्हणाले, गुडघ्यांचं काढलं, एखादी बाई ठेवू म्हणाले. पाव संपला, कांदा संपला, शेजारचे आजोबा मान हलवून निघून गेले. शेवटी हे म्हणाले, “हिवाळ्यात गरम पाणी तरी देशील?”

तेवढा भाव मी सोडला.