रिकाम्या खुंट्याचा पोळा

धाड गावात आमच्या शेजारी भाजीचा मळा करणारे एक गृहस्थ राहायचे. उपकार मानायचं त्यांना व्यसनच होतं. पाणी प्याले की विहिरीला हात जोडायचे, एसटीतून उतरले की तिच्या पायरीला. मागचे लोक खोळंबायचे, कंडक्टर घंटीवर घंटी मारायचा, पण पायरीला नमस्कार केल्याशिवाय हे हलायचे नाहीत.

दुष्काळाच्या साली सगळा गाव सरकारी रेशनच्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरीला शिव्या घालत होता. हे ती कपाळाला लावून खायचे.

मी म्हणायचो, "भाऊ, आधी घशाखाली उतरते का ते तं पाहा, मंग जोडा हात."

"सुखात कोनीबी जोडते बाप्पा," ते म्हणायचे. "सवय अशा टायमालेच ठेवा लागते."

चारा नव्हता म्हणून त्यांना आपला एकुलता बैल विकावा लागला. तरी पोळ्याला त्यांनी गोठ्यातला रिकामा खुंटा धुतला, त्याला गेरू लावला, पुढे मिलोची भाकरी ठेवली. आम्ही गंमत बघायला जमलो.

"काऊन हो भाऊ, खुंटा हंबरते काय?" मी विचारलं.

"बैल गेला, पन यानं त्याले इतके वर्स धरून ठेवलं ना!"

मग त्यांनी बोटावर कुंकू घेतलं आणि सवयीनं हात पुढे केला. हात बैलाच्या कपाळाच्या उंचीवर जाऊन हवेतच थांबला. खुंटा खूप खाली होता.

ते वाकेपर्यंत बराच वेळ गेला. त्या दिवशी घाई कोणीच केली नाही.