कपारीतली राख

आमच्या इतिहासाच्या सरांना एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. हिंगणीच्या पुढे, बोरच्या जंगलात डोंगराच्या कपारीत एक चूल होती. तीन दगड, मध्ये राख, आसपास गारगोटी फोडून केलेली इवलीशी पाती. ती चूल किती जुनी? "फार जुनी," असं सर वीस वर्षं सांगत आले आणि वर्ध्याच्या कॉलेजातले बाकीचे प्राध्यापक गालातल्या गालात हसत आले. आता निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती.

अशात, एकोणीसशे पन्नास सालानंतर, कोळशावरून वय काढायची नवी रीत निघाली. जिवंत झाड हवेतून एका खास प्रकारचा कार्बन घेतं. झाड मेलं की तो ठरावीक गतीने घटत जातो. किती उरला ते मोजलं की वय कळतं. परदेशातल्या एका प्रयोगशाळेने मूठभर कोळसा मागवला. अट एवढीच, त्यात नवं काही मिसळता कामा नये. मी रसायनशास्त्राचा प्रयोगसहायक, म्हणून नमुना काढायचं काम माझ्याकडे आलं आणि मी जमिनीवरून चालेनासा झालो. हिंगणीला ज्या शेतकरी बाईंकडे आम्ही उतरायचो, त्यांना आधीच जाऊन ऐटीत सांगून आलो, "आमचे सर सोमवारी सोता येऊन राह्यले. दिवसभर कपारीतच बसतीन."

सोमवारी पोचलो, तर कपारीतली जमीन शेणाने लख्ख सारवलेली. वर रांगोळी. चुलीचे तिन्ही दगड धुऊन कडेला रचलेले. राखेचा मागमूस नव्हता.

माझं डोकं फिरलं. कडेला उभ्या असलेल्या बाईंवर मी ओरडलो, "हे काऊन केलं? राख कुठं गेली?"

बाई बुचकळ्यात पडल्या. "अजी भाऊ, सायेब इथं बसतीन म्हनून तुमीच सांगून गेलते नं? पाहुना यायच्या आधी चुलीतली राख काढा लागते. तशीच ठेवाव का?"

सर कपारीच्या तोंडाशी उभे होते, सारवलेलं दिसलं म्हणून पायातले जोडे काढून. नोकरी जाईल ही भीती होतीच, पण खरी लाज त्यांच्या वीस वर्षांची वाटत होती. माझ्या बढाईपायी ती सगळी वर्षं शेणाखाली गेली होती.

शेवटी सरांनी विचारलं, "बाई, राख टाकली कुठं?"

"कुठं टाकतेत मंग? समोर, उतारावर. तिथून वाऱ्यानं परत आत नाई येत."

सर उताराकडे बघत राहिले आणि एकदम हसायला लागले. "म्हणजे तिनेही तिथंच टाकली असणार."

"कोनं?"

"इथे पहिल्यांदा चूल मांडली, तिने."

वीस वर्षं आम्ही शहाणी माणसं चुलीकडे टक लावून होतो आणि घरातली राख रोज कुठे जाते, हे एकालाही सुचलं नव्हतं. उतारावर खणलं. वर बाईंनी टाकलेली राख, खाली माती, आणि कमरेइतक्या खोलीवर राखेचा थर, त्यात तीच गारगोटीची पाती आणि कोळसा. हात न लावता चिमट्याने एकेक तुकडा उचलून मी बाटलीत भरला. बाई दगडावर बसून सूचना देत होत्या.

प्रयोगशाळेचं पत्र यायला वर्षाहून जास्त लागलं. कोळसा काही हजार वर्षांपूर्वीचा निघाला. सरांचा आनंद मावत नव्हता. पण कॉलेजात कोणाला न सांगता ते मला घेऊन आधी हिंगणीला गेले आणि ओसरीवर बसून त्यांनी बाईंना सगळं समजावून सांगितलं. बाई सुपातले तांदूळ तसेच ठेवून ऐकत होत्या.

"एवढ्या वर्साची?" त्या म्हणाल्या. "मंग लेकरंबाळं होती का तिले?"

सरांनी पत्राची घडी घातली. "ते यात नाही लिहिलं, बाई."

परतताना सेलूला बसची वाट बघत असताना ते मला म्हणाले, "वीस वर्षं तिचं वय विचारत बसलो रे. तिची चौकशी काही केली नाही."