नंदूच्या भिंतीवरचं हिरवं आभाळ

हसायचं नाही, असं आधी कबूल करा, मगच सांगतो. बरं राहू द्या, हसा! ब्रह्मपुरीतलं अर्धं गाव हसून मोकळं झालंय, त्यात तुम्ही चार जण आणखी. फक्त माझ्या बायकोला हे सांगायला लावू नका. ती सांगते तेव्हा मी आहे त्याच्या दुप्पट मूर्ख निघतो.

तर मी पेंटर. हातानं बोर्ड रंगवणारा. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव नाटकं उभी राहतात, त्यांचे पडदेही मीच रंगवतो. राजवाडा सांगा, तुरुंग सांगा, जंगल सांगा. जंगल तर डोळे मिटून. पण पडदे दोन-तीन महिने, आणि बोर्ड आता कोण रंगवून घेतं? सगळं फ्लेक्स!

आणि मला एक नाद आहे. जुनी कॉमिक्स जमवायचा.

वाचायला नाही हं! कव्हरसाठी. आत नायक जगला काय नि मेला काय, मला काही घेणंदेणं नाही. मी कॉमिक उघडतच नाही. उघडलं की पाठीचा कणा मोडतो, कव्हरला सुरकुती पडते. प्लास्टिकच्या पिशवीत घालायचं, कसर लागू नये म्हणून कडूलिंबाचा वाळला पाला ठेवायचा आणि आडवं ठेवून द्यायचं. मशालीचा उजेड तोंडावर कसा पडतो, आधी पिवळा, मग केशरी, आणि सावलीत चक्क जांभळा, हे मला कुठल्या शाळेनं शिकवलं? कव्हरांनी शिकवलं.

कुंदा, म्हणजे आमची मंडळी, म्हणते, "एवढ्या पिशव्या माह्या लुगड्याले घातल्या असत्या, तं लग्नातला शालू अजून टिकला असता."

असो. आता नंदू.

नंदू म्हणजे नंदकिशोर. माझ्याच गावचा, सिंदेवाहीजवळच्या एका खेड्यातला. शाळेत माझ्या एक वर्ष मागं. पुढं तो ब्रह्मपुरीत आला, मीही आलो. मी ब्रश घेऊन आलो, तो मशीन घेऊन आला. फ्लेक्स छापायची मशीन! माझे बोर्ड गेले, ते मी गिळलं. वाढदिवसाचे, निवडणुकीचे, दहावीच्या निकालाचे, सगळे त्याच्याकडे गेले, तेही गिळलं. पण या माणसानं एक दिवस कॉमिक्स जमवायला सुरुवात केली हो! आणि जमवून पेटीत नाही ठेवली. काचेच्या फ्रेमा करून दुकानाच्या भिंतीवर टांगली!

लोक मलाच येऊन सांगायचे, "मनोहरभाऊ, नंदूच्या दुकानातले चित्रं पाह्यले का? काय कडक आहेत!"

आता सांगा, मी काय म्हणणार? मी हसायचो. आतून जळून कोळसा.

मग एका दुपारी मी त्याच्या दुकानावरून जात होतो. मुद्दाम नाही. म्हणजे, मुद्दामच. आत डोकावलो आणि पाय जागेवर खिळले.

मधल्या भिंतीवर ती होती. हत्तीवर बसलेली एक राणी, हातात मशाल, खाली पाण्यात जबडा वासलेली मगर. आणि वरचं आभाळ हिरवं! हो, हिरवं. रोवणीआधी धानाची रोपं असतात ना, तसं कोवळं, पोपटी हिरवं. कोण रंगवतो आभाळ हिरवं? कोणात आहे तेवढी छाती?

हे कव्हर मी लहानपणी पाहिलं होतं. नुसतं पाहिलं नव्हतं, पाटीवर गिरवून गिरवून पाठ केलं होतं. चंद्रपूर, वडसा, नागपूरच्या रद्दीवाल्यांकडे मी ते आयुष्यभर शोधत होतो. कुरखेड्याला एकाकडे आहे म्हणून कळलं, तर काळीपिवळी जीपच्या टपाला लटकायचंच बाकी ठेवून तिथं गेलो. निघालं पंचांग.

आणि ते याच्याकडे!

"ये ना गा मनोहर, आत ये. चाय घेतं का?" नंदू म्हणाला.

"कुठी भेटलं हे?"

"भेटलं बा," तो हसला. "नशिबात होतं."

ते हसू मला फार लागलं. चहा न घेता निघालो आणि थेट इंदूबाईच्या चहाठेल्यावर गेलो. तिथं चार ओळखीची माणसं बसली होती. कुणीतरी विचारलं, "काय भाऊ, तोंड काऊन उतरलं?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नंदूनं काय गावाले येडं समजलं का? ते राणीचं कव्हर नकली आहे!"

"नकली?"

"मंग काय! घरचीच मशीन आहे. इंटरनेटवरून फोटो घेतला, छापला, टांगला."

खरं सांगतो, बोललो त्या क्षणी मला माहीत होतं की मी खोटं बोलतोय. पण दुसऱ्याला सांगितलं, तिसऱ्याला सांगितलं. प्रत्येक वेळी एक पुरावा वाढत गेला. हत्तीच्या सोंडेवर छपाईचे ठिपके दिसतात म्हणालो. कागद चमकतो म्हणालो. आठवडा संपेपर्यंत मलाच पटलं होतं. माणूस स्वतःच्या थापेवर विश्वास ठेवू लागला की त्याला कुणी वाचवू शकत नाही.

बाजाराच्या दिवशी नंदू ठेल्यावर आला. रागावलेला नव्हता, हेच वाईट.

"मनोहर, तू म्हणून राह्यला म्हणे, माह्यं कव्हर नकली आहे?"

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. इंदूबाईनं चहा गाळता गाळता हात थांबवला. आता मागं कसं फिरायचं?

"आहेच नकली!"

"मंग फ्रेम खोलून पाहू. सगळ्यांसमोर. नकली निघालं, तं भिंतीवरच्या सगळ्या फ्रेमा तुह्या."

सगळ्या! माझ्या तोंडाला पाणी सुटलं हो. लाज वाटते सांगायला, पण सुटलं.

"अन् असली निघालं तं?" इंदूबाईनं विचारलं.

नंदूनं डोकं खाजवलं. "असली निघालं, तं यानं माह्या दुकानाचा बोर्ड रंगवून द्यायचा. हातानं. फुकट."

फ्लेक्सच्या दुकानाचा बोर्ड, मी रंगवायचा! म्हणजे ज्यानं माझा धंदा बसवला त्याच्या कपाळाला मीच कुंकू लावायचं. पण लोभ वाईट.

"मंजूर!" मी ओरडलो.

पंच म्हणून शाळेतले चित्रकलेचे बोरकर सर आले. निवृत्त माणूस, पण भिंग घेऊनच आले. नंदूच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. गावात धानाचं बियाणं घ्यायला आलेले दोन शेतकरीही पिशव्या काखेत घेऊन उभे राहिले.

सरांनी फ्रेम उतरवली, मागची पट्टी काढली. आत नुसतं कव्हर नव्हतं, अख्खं कॉमिक होतं. सरांनी ते नाकाजवळ नेलं.

"वास जुना आहे."



भिंग लावलं. "पिना गंजल्या आहेत. कागद पिवळा पडला आहे. मनोहर, हे असली आहे."

"वरचं असली असन!" मी शेवटची धडपड केली. "आतमंदी पाहा, आत कोराच कागद असन!"

पाहिलंत? इतकी वर्षं एकही कॉमिक न उघडणारा मी, आणि उघडा म्हणून कोण सांगतो? मीच!

सरांनी पहिलं पान उघडलं. चष्मा वर केला. माझ्याकडे पाहिलं. परत पानाकडे पाहिलं. आणि मोठ्यानं वाचलं.

"मनोहर. इयत्ता पाचवी. हे पुस्तक जो चोरेल त्याचे दोन्ही हात गळून पडतील."



माझं अक्षर! तो वाकडा 'म', पोटाला जरा जास्तच फुगलेला. मी अजून बोर्डावर तसाच काढतो. मला काय झालं सांगू? मी पिसाळलोच.

"माह्यं आहे! हे माह्यं पुस्तक आहे! चोर! नंदू चोर आहे!"

"अरे थांब," नंदू म्हणाला. "मी सिंदेवाहीच्या भंगारवाल्याकडून घेतलं. एका लोखंडी पेटीत होतं म्हणे."

लोखंडी पेटी? मी तिथंच गावाकडे भावाला, गुणवंताला, फोन लावला. आणि शहाणपणा बघा, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून आवाज मोठा केला.

"गुणवंता, माही शाळेतली पेटी कुठी आहे?"

"भंगारात देल्ली ना दादा. घराचं बांधकाम काढलं तेव्हा. तुले इचारलं होतं मी फोनवर."

"मले? कधी?"

"उन्हाळ्यात. तू म्हणला, 'मी दुर्मिळ कॉमिक्सच्या कामात आहे, कचऱ्याचं मले काऊन इचारून राह्यला? दे फेकून!'"

इंदूबाईनं पदर तोंडाला लावला. ते बियाणंवाले शेतकरी तर खाली बसूनच हसायला लागले. मी फोन बंद केला, पण छाती फुगवूनच उभा राहिलो.

"ठीक आहे. पेटी मी देल्ली. पण पुस्तक मुळात माह्यं होतं ना? माहीच निवड होती ना? नंदूले हे कव्हर आवडलं, कारण ते आधी मले आवडलं होतं!"

आता इथं थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण बोरकर सर भिंग घेऊन अजून पानावरच वाकलेले.

"मनोहर, तुझ्या नावाच्या वर काहीतरी निळ्या शाईनं खोडलेलं दिसतं."

"खोडलं असन काही. लहान होतो."

सरांनी पान दारातल्या उन्हाकडे धरलं. डोळे बारीक केले. आणि एकेक अक्षर सुटं करत वाचलं.

"नं... द... कि... शो... र. इयत्ता चौथी."

काय सांगू तुम्हाला!  आणि एका झटक्यात सगळं आठवलं. नंदूचा मामा चंद्रपूरला राहायचा, तो सुट्टीत कॉमिक्स आणायचा. मी एक वाचायला मागून नेलं होतं. 'उद्या देतो' म्हणालो होतो. उद्या, परवा, मग त्यानं मागणं सोडलं आणि मी माझं नाव घातलं. वर तो शाप लिहिला! चोरलेलं पुस्तक कुणी चोरू नये म्हणून! आणि हे सगळं मी सोयीनं विसरून गेलो होतो. शपथेवर सांगतो, खरंच विसरलो होतो.

"तुले... तुले माहीत होतं?" मी नंदूला विचारलं.

"घेतलं त्याच दिवशी उघडलं ना मी," नंदू म्हणाला. "कॉमिक वाचाले असते लेका! तुहं नाव पाह्यलं, माह्यं खोडलेलं पाह्यलं, अन् एकटाच हसत बसलो."

"मंग बोलला काऊन नाई?"

"काय बोलू? तू दुकानासमोरून जातं, कव्हर तं दिसनच. मले वाटलं, आज ना उद्या आत येशीन अन् म्हणशीन, नंदू, हे तुह्यं मी नेलं होतं." मग त्यानं सरांच्या हातून कॉमिक घेतलं. "तू आलाही. पण ठेल्यावर गेला."

 

नंदूनं कॉमिक माझ्यापुढं धरलं. "घेऊन जा. दोघांचंही नाव आहे त्याच्यावर."

माझा हात पुढं झाला होता, खोटं कशाला बोलू? पण समोर बोरकर सर उभे, इंदूबाई उभी. मी हात मागं घेतला. "नको. भिंतीवरच बरं दिसते." घरी जाऊन मात्र जेवण गेलं नाही. कुंदानं विचारलं तर तिला म्हणालो, पोट दुखतं. ती म्हणाली, "दुखन ना. नंदूभाऊची बायको आत्ताच सगळं सांगून गेली."

पैज हरलो, तर बोर्ड रंगवणं आलं. आणि मी ठरवलं, असा रंगवायचा की नंदूची मशीन लाजेनं बंद पडली पाहिजे! चार दिवस शिडीवर होतो. पत्रा घासला, दोन हात पांढरा दिला. अक्षरं अशी की सावलीसकट पत्र्यातून बाहेर यावीत. कोपऱ्यात जंगल काढलं, मोहाचं झाड काढलं, मागं उगवता सूर्य. पिवळा, मग केशरी, सावलीत जांभळा. जेवढी जळजळ होती ती सगळी त्या बोर्डात ओतली. खरं सांगू? आयुष्यात इतकं चांगलं काम माझ्या हातून झालं नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी बोर्ड वर चढला. नंदूनं पेढे वाटले. मी समोरच्या बाजूला ऐटीत उभा, खिशात हात घालून. मनात म्हणालो, आता येऊ दे कुणी, आणि बोलू दे की हातातली कला संपली.

तेवढ्यात समोर एक बस थांबली. एक पोरगेलासा सरपंच उतरला, सोबत दोन कार्यकर्ते. बोर्डाखाली येऊन त्यानं मान वर केली आणि बघतच राहिला. मोबाइल काढला, फोटो घेतला. जवळ गेला, आणखी एक घेतला. माझी छाती अशी फुगली की शर्टाची गुंडी ताणली!

मग तो दुकानात शिरला आणि मोठ्यानं म्हणाला, "नंदूभाऊ, काय जबरदस्त छापला जी फ्लेक्स! माह्या वाढदिवसाचे असेच वीस मारून द्या!"