तलावात टाकलेला डबा

रस्त्यावर पडलेल्या माझ्या बहिणीचा हात वर होता. ट्रॅक्टरवाला खाली उतरला, तिच्याजवळ आला आणि कमरेवर हात ठेवून त्याने तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग परत चढला आणि रेतीने भरलेली ट्रॉली घेऊन निघून गेला.

त्याच्या धडकेने मी वळणावरच्या नालीत पडले होते, मांडीचं हाड मोडलं होतं. आम्ही दोघी गोंडपिपरीच्या बाजाराला मासे घेऊन निघालो होतो. टोपल्यांत मागूर होते. मागूर पाण्याबाहेरही बराच वेळ जगतो. धाकटी त्यांच्या आधी गेली.

तो आमच्याच गावचा. त्याने ठाण्यात सांगितलं की आपला ट्रॅक्टर त्या वळणावर आलाच नाही. जमादार माझा जबाब घ्यायला दवाखान्यात आला.

“बाई, तुम्ही पाह्यलं, का तुम्हाले वाटलं?”

“माह्याकडं पाहून गेला तो.”

“मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का तुमचं?”

“एका डोळ्याचं झालं.”

“मंग दुसऱ्यानं पाह्यलं असन,” तो म्हणाला, आणि त्याच्यासोबतचा शिपाई हसला.

ते हसणं मी जपून ठेवलं. लोक म्हणतात, म्हातारपणी राग निवतो. माझा निवला नाही. मला तो माणूस आत गेलेला पाहायचा होता. बहीण परत येणार नव्हती, ते मला कळत होतं. कोणी समजूत घालायला आलं की मी तोंड फिरवून घेत असे.

वळणावर किराण्याचं दुकान आहे, दुकानदार त्याचा साळा. दुकानाबाहेर खांबावर एक कॅमेरा होता, दुसरा आत गल्ल्यावर. त्याच संध्याकाळी बाहेरचा कॅमेरा फुटला. वांदराने फोडला म्हणे. चित्र कॅमेऱ्यातच राहतं असं त्या ट्रॅक्टरवाल्या मूर्खाला वाटलं. मग कोणीतरी त्याला सांगितलं की कॅमेरा म्हणजे नुसता डोळा आहे, पाहिलेलं सारं दुकानात ठेवलेल्या काळ्या डब्यात जाऊन बसतं. तेव्हा त्याने तारा उपटल्या आणि डबा थैलीत घालून तलावावर नेला.

तलाव आमचा आहे. म्हणजे सातबारा आमच्या नावाचा नाही, पण त्यातला गाळ आमच्या पायांना ओळखतो. त्याने पाळीवर उभं राहून इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि डबा फेकला. तेव्हा माझी जाऊ गळ्याएवढ्या पाण्यात जाळं लावत होती. त्याला ती दिसली नाही. पाण्यातलं आमचं डोकं अशा लोकांना म्हशीच्या डोक्यासारखंच दिसतं. आम्ही जाळं लावलं की खुणेला बांबू रोवतो. तो गेल्यावर जावेने तसाच एक बांबू डबा पडला तिथे रोवला आणि घरी येऊन मला सांगितलं.

माझी भाची, म्हणजे मेलेल्या बहिणीची मुलगी, गडचिरोलीला नर्स आहे. ती म्हणाली, “मावशी, आपण हात नाई लावायचा. पोलिसांसमोर काढू. नाई तं म्हणतील, यायनंच टाकला.”

ती जमादाराला घेऊन आली, पंच म्हणून दुसऱ्या आळीची दोन माणसं आणली. मला बाजेवर घालून पाळीवर नेलं. आमच्या बाया पाण्यात उतरल्या. गाळात दबून बसलेला मासा आम्ही पायाने शोधतो, तसा त्यांनी डबा शोधला. एकीच्या बोटाला कोपरा लागला तशी ती ओरडली, “हा नाई चावत वो!”

चिखलाने भरलेला डबा वर आला. जमादाराने तो उलटापालटा केला. “चाला, मच्छीमार सोसायटीच्या खोलीत लाईट आहे. लावून पाहू, चालते का.”

भाचीने त्याचा हात धरला. दुसऱ्या हाताने तिने फोन लावला. पोलिसांचा संगणकाचा एक माणूस चंद्रपूरला बसतो, त्याचा नंबर तिने आधीच मिळवून ठेवला होता. तो फोनमधून असा ओरडला की मला बाजेवर ऐकू आलं. “वीज लावू नका! सुकवू बी नका! आहे तसा ओला ठेवा, मी येऊन राह्यलो.”

ओला कशात ठेवायचा? माशाचं बीज, म्हणजे बारीक पिल्लं, आणायची आमची अॅल्युमिनियमची हंडी होती. तलावाचं पाणी भरून डबा तिच्यात बुडवला.

तो माणूस दुपारी आला. केस पिकलेले, पोट सुटलेलं, चहा बशीत ओतून पिणारा. मी त्याला म्हटलं, “भाऊ, आता मले सांग. माझी बहीण याच्यात कुठी आहे?”

त्याने बशी खाली ठेवली. मग सांगितलं. माझी शाळा चौथीपर्यंत, पण त्याने सांगितलेलं मला समजलं. डब्याच्या आत एक लहान जड डबी असते, तिला हार्ड डिस्क म्हणतात. तिच्यात आरशासारख्या गुळगुळीत ताटल्या असतात. त्या गरगर फिरतात आणि त्यांच्यावर एक बारीक दांडी सरकते. दांडीचं टोक ताटलीला टेकत नाही. केसाहून कितीतरी कमी अंतर ठेवून वर तरंगतं. ताटलीवर लोहचुंबकाचा लेप असतो, त्याचे डोळ्याला न दिसणारे ठिपके. एखाद्याचं तोंड इकडे, एखाद्याचं तिकडे. टोक ते फिरवत जातं, त्याला लिहिणं म्हणायचं. नुसती तोंडं पाहत जातं, ते वाचणं. वीज गेली तरी तोंडं फिरत नाहीत.

“अन् पाण्यानं?”

“पाण्यानं चुंबक धुतल्या जात नाई, आजी. पण डबीला श्वासाचं भोक असते, तिथून गाळ आत जाते. वाळला की ताटलीवर चिकटून बसते. अन् वीज लावली का दांडी त्या गाळावर घासते. मंग सारं खरवडून निघते.”

मी जमादाराकडे पाहिलं. तो तलावाकडे पाहत होता.

“अन् फेकलाच नसता तं?”

“मंग तुमचं काम कठीण होतं,” तो म्हणाला. “आतला कॅमेरा चालूच होता ना. अशी डिस्क भरली का थांबत नाई, सगळ्यात जुन्या चित्रावर नवं लिहत जाते. अजून काही दिवस दुकानात राहिली असती तं बहिणीवर गल्ल्याचं चित्र आलं असतं. कोणाच्या बापाले काढता आलं नसतं.”

मी हसले. मांडी दुखेपर्यंत हसले. त्या ट्रॅक्टरवाल्याने काहीही केलं नसतं, नुसता घरी बसून बिड्या ओढत राहिला असता, तर डब्याने आपलं आपण सारं झाकून टाकलं असतं. त्याने स्वतःच्या हाताने ते लिहिणं थांबवलं आणि माझ्या तलावात आणून ठेवलं.

जमादार हंडी मांडीवर घेऊन जीपमध्ये बसला. रस्ता खड्ड्यांचा. दोन फर्लांगात त्याची पँट भिजली असेल. मी भाचीला आधीच म्हटलं होतं, “झाकण नको देऊ.”

प्रयोगशाळेत धूळ नसलेल्या खोलीत डबी उघडली, ताटल्या धुतल्या आणि तशाच दुसऱ्या डबीत बसवून वाचल्या. सारं नाही निघालं. आमचं वळण निघालं.

कोर्टासाठी ते सीडीवर उतरवलं. सीडीचं काम वेगळं. तिच्यात चुंबक नाही, उजेडाच्या बारीक किरणाने डाग पाडतात आणि उजेडानेच वाचतात. ही सीडी एकदाच लिहिता येणारी होती, डाग पडला की बदलत नाही. मला ती आवडली. बैलाला डागतात तसं त्याला डागलं होतं.

तारखेच्या आधी तो घरी आला. दारात उभा राहिला, चप्पल काढली.

“बाई, झालं ते झालं. मी घाबरलो होतो. माह्ये बी लेकरं आहेत.”

“माझ्या बहिणीले बी होती.”

“तुम्ही मोठ्या आहात. माफ करा.”

“मोतीबिंदू आहे मले,” मी म्हटलं. “कोण आहे ते दिसून नाई राह्यलं.” आणि दार लावलं.

कोर्टात चित्र लावलं तेव्हा मी पडद्याकडे पाहिलं नाही. ते मी एकदा पाहिलेलं होतं. मी त्याच्याकडे पाहत बसले. बहिणीचा हात वर झाला तशी त्याने मान खाली घातली.

“वर पाह्य!” मी ओरडले. जजसाहेबांनी मला गप्प केलं, पण त्याने मान वर केली होती.

त्याला शिक्षा झाली. आता तो वरच्या कोर्टात गेला आहे. जाऊ दे. भाचीजवळ एका पेन ड्राइव्हवर एक प्रत आहे. त्यात फिरणारं काही नसतं, बारीक खोल्यांत वीज कोंडलेली असते. ती वर्षानुवर्षं राहते, पण हळूहळू झिरपून जाऊ शकते, असं तो चंद्रपूरचा माणूस म्हणाला होता. म्हणून दिवाळीला भाची आली की मी तिला फराळाआधी नवी प्रत करायला लावते.

त्या वळणावर आम्ही दोघी बहिणी होतो. धाकटी मेली. मी जगले.