रस्त्यापलीकडची कंपनी

ऑर्लिन ट्रुइट पहिल्यांदा माझ्या कचेरीत आला तेव्हा "गुड मॉर्निंग" म्हणाला आणि खिडकीच्या काचेला तडा गेला. भिंतीवरचं कॅलेंडर दोन महिने पुढे गेलं. आमच्या गावात रस्ता हीच दोन राज्यांची हद्द; अलीकडे मेरीलँड. रस्त्याच्या पलीकडे, म्हणजे डेलावेअर राज्यात, टपाल वाटणाऱ्या पोस्टमनने हात वर करून उलट "गुड मॉर्निंग" केलं. काचेचा तडा आजही दाखवतो. बाकीच्या गोष्टींसाठी माझ्या शब्दावर विश्वास ठेवा.

आवाजाचा दोष त्याचा नव्हता. तीस वर्षं तो कोंबड्यांच्या शेडमधले पंखे दुरुस्त करत होता. एकेक पंखा माणसाच्या उंचीचा. तिथे कुजबुजून बोलणाऱ्याचा धंदा चालत नाही.

"वकील!" तो गरजला.

"मी वकील नाही. मी कराचे आणि नोंदणीचे कागद भरून देतो."

"तेच ते. माझी बायको लोरेटा म्हणते, कंपनी काढ. जुलैच्या उन्हाळ्यात एखाद्याचा पंखा बंद पडला तर तासाभरात वीस हजार कोंबड्या उकाड्याने मरतात. तो माणूस माझ्यावर दावा लावेल आणि माझं घर जाईल. बाबांनी स्वतःच्या हातांनी बांधलेलं घर आहे ते, वकील!"

मी त्याला खुर्ची दिली. एकट्याच्या नावावर धंदा असला की धंद्याची देणी थेट घराच्या दारात येऊन उभी राहतात, हे त्याला ठाऊक होतं. मर्यादित जबाबदारीची कंपनी काढली, की ती मधे उभी राहते. "पण एक लक्षात ठेव," मी म्हटलं, "तार तू स्वतः चुकीची जोडलीस, तर कायदा कंपनीच्या मागून हात घालून तुझा कान धरू शकतो. दुसरं, तू राहतोस मेरीलँडमध्ये, कामंही इथलीच. कंपनी इथेच काढ."

"छे! डेलावेअरमध्ये काढायची. कॅलिफोर्नियातल्या मोठमोठ्या कंपन्या तिथे नाव नोंदवायला धडपडतात. मला नुसता रस्ता ओलांडायचाय, आणि तू म्हणतोस घरी बस?"

"तिथे काढलीस तरी इथे धंदा करायला पुन्हा इथे नोंदवावी लागेल. एका नवरदेवाची दोन लग्नं लावण्यासारखं आहे."

"मग लागू देत दोन!"

हट्टी माणसाला अर्ज देऊन मोकळं व्हावं. मी अर्ज काढला. "प्रतिनिधी कोण? कंपनीच्या नावाने सरकारी किंवा कोर्टाचा कागद आला तर घेणारा माणूस हवा. डेलावेअरमध्ये राहणारा. कामाच्या वेळात घरी सापडणारा."

ऑर्लिनने बोटांवर मोजलं. गावातली सगळी डेलावेअरची माणसं त्याला माहीत होती. दिवसभर घरी असणारं एकच होतं. समोरच्या पोर्चवर, हिरव्या खुर्चीत, शेंगा सोलत बसलेली त्याची मोठी बहीण वर्ना. वडिलांनी घर ऑर्लिनला दिलं म्हणून अकरा वर्षांपूर्वी ती रस्ता ओलांडून गेली, ती पुन्हा आली नाही. तोही त्या पोर्चसमोरून जात नसे. डेलावेअरमध्ये विक्रीकर नाही म्हणून तिथल्या दुकानात जायचा तेव्हा तीन गल्ल्यांचा वळसा घालायचा.

"असं कोणी नाही," तो म्हणाला. त्याच्या मते हळूच म्हणाला.

"मी आहे की, गाढवा!" रस्त्यापलीकडून आवाज आला. ट्रुइटांचा आवाज घराण्याचाच होता. "अकरा वर्षं तुझं सगळं ऐकतेय. तुझी आतडी तपासली तेव्हा काय निघालं, तेसुद्धा पाठ आहे मला!"

ऑर्लिन खिडकीत गेला. "तू कशाला करशील हे? घर तर माझ्या नावावर आहे."

"कागदावर तुझ्या नावावर असेल. जिन्याच्या सगळ्या पायऱ्यांना रंग मी दिलाय. ते घर कुणा कोंबडीवाल्याच्या घशात जाऊ देणार नाही मी. लिही रे, वकील!"

लिहिलं. कंपनी डेलावेअरची झाली आणि नंतर, मी म्हटलं होतं तशी, मेरीलँडमध्येही नोंदली. दोन्हीकडे दरवर्षी शुल्क भरताना ऑर्लिन जे बोलायचा, ते दोन्ही राज्यांत ऐकू जायचं.

तिसऱ्या वर्षीच्या जुलैत, भर दुपारी, एका शेडमधले पंखे थांबले. कोंबड्या गेल्या. दाव्याचे कागद वर्नाच्या पोर्चवर आले. तिने शेंगांचं भांडं खाली ठेवलं, पाकीट उचललं आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा रस्ता ओलांडला. मी खिडकीतून पाहिलं आणि तिच्यामागे गेलो.

ऑर्लिन दारातच बसला होता. "माझं नाव आहे?"

"कंपनीचंच आहे," मी वाचून म्हटलं. "पण ती तार कुणी जोडली, हे विचारलं जाणारच."

मग ऑर्लिन ट्रुइट हळू बोलला. इतकं हळू, की मला वाकून ऐकावं लागलं. "मीच जोडली असणार. नीट घट्ट केली होती का, आठवत नाही, वर्ना."

ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली. "बाबांच्या हाताखाली शिकलास. घट्टच केली असशील."

"आणि नसेल तर?"

"नसेल तर माझ्याकडे दोन खोल्या आहेत. लोरेटाला चालत असेल तर या. तू मात्र गप्प राहायचंस."

तपासणीला माणूस आला. त्याने तार काढून दाखवली. जोड घट्ट होता. पुढे वीतभर अंतरावर उंदरांनी ती कुरतडली होती. दावा मागे घेतला गेला.

घर वाचलं. पुढच्या वर्षी ऑर्लिनचे गुडघे गेले, त्याने घर विकलं आणि तो लोरेटाबरोबर फ्लोरिडाला राहायला गेला. आता त्या घरात दातांचा दवाखाना आहे. जिना काढून टाकला आहे.