टाकीवरच्या दोन थापा

गल्लीत त्यांना सगळे शिवणवाल्या ताई म्हणत. पण ताईंचे हात आधी मळले ते तेलाने. सुई नंतर आली. वडिलांचं गॅरेज होतं, आणि शाळा सुटली की ही तिथेच पाने-पकडी हातात देत बसायची. धाकट्या भावाला ग्रीसचा वाससुद्धा सोसायचा नाही. वडील गेले, गॅरेज गेलं. मागच्या खोलीत पोत्याखाली राहिली ती त्यांची जुनी मोटारसायकल. सकाळी देवापुढे हात जोडून झाले की ताई तिच्यावरूनही फडकं फिरवायच्या.

एक दिवस धाकटा येऊन म्हणाला, "ताई, गाडी सुरू करू या. बाबांनी मला कधी शिकवलं नाही. तू तरी शिकव."

"आत्ता बरी आठवण झाली. विकायचं तर मनात नाही ना?"

"काहीतरीच तुझं. बाबांची गाडी ती."

ताई विरघळल्या. इंजिन पार जाम झालेलं. प्लगच्या भोकातून तेल सोडून त्यांनी ते मुरू दिलं. कार्ब्युरेटर खोलला, त्यातलं पेट्रोलचं बारीक भोक बुजलेलं होतं, तेव्हा धाकट्याने शिवणाच्या डब्यातली सुई पुढे केली.

"सुई नको. भोक मोठं झालं तर गाडी जन्मभर पेट्रोल ढोसत बसेल." त्यांनी ब्रशचा एक केस उपटून घेतला.

"तुझ्या हाताखाली म्हणजे सासुरवासच."

"मग बाबांच्या हाताखाली काय माहेरपण होतं?"

अखेर गाडी धडधडली, खोली धुराने भरली, आणि ताईंनी पदराने डोळे पुसले. मग शिकवणी सुरू झाली. गाडी जरा डावीकडे कलवायची, किक हळू दाबत न्यायची, अडली की थांबायचं. टाकीवर दोन थापा. मग मारायची.

"थापांनी काय होतं?"

"गाडीला काही नाही. आपला हात शांत होतो. घाईची किक उलटून पायावर बसते, असं बाबा म्हणायचे."

धाकट्याने सगळं फोनवर टिपून घेतलं. आठवण राहील, म्हणाला. ताईंना वाटलं, उशिरा का होईना, देवाने भाऊ परत दिला.

मग एका सकाळी तो कुणा गृहस्थांना घेऊन आला. "मित्र आहेत. नुसती बघायचीय."

गृहस्थांनी गाडी दारात काढली, डावीकडे कलवली. किक हळू दाबली, थांबले. आणि टाकीवर दोन थापा मारल्या.

ताई पुढे आल्या. "कुणी शिकवलं तुम्हाला?"

"यांनीच," ते मोकळेपणाने म्हणाले. "फोनवर पाठवलं होतं. घेतलेली गाडी आपल्याला सुरू करता यायला नको का?" आणि गाडी घेऊन निघालेसुद्धा.

"तुला सांगणारच होतो, ताई. नुसती पडून तर होती."

"पडून होती तेव्हा तुला नको होती. मी उठवली, तेव्हा तू विकलीस. केसाने गळा कापलास रे."

तेवढ्यात कोपऱ्यावर गाडी खोकली आणि बंद पडली. ताईंना कारण ठाऊक होतं. गाडी थांबवली की टाकीखालचा पेट्रोलचा कॉक त्या सवयीने बंद करायच्या; कार्ब्युरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर गाडी कोपऱ्यापर्यंतच गेली. हे शिकवायचं तेवढं राहून गेलं होतं.

"आता काय झालं हिला?" धाकटा घाबरला.

देव बघतो, असं ताई जन्मभर मानत आल्या होत्या; आज कसं विसरायचं? चपला घालून कोपऱ्यापर्यंत गेल्या, वाकून कॉक उघडला. "थांबलात की हा बंद, निघताना उघडायचा."

गृहस्थांनी पुन्हा टाकीवर हात उगारला.

"थापा नकोत," ताई म्हणाल्या. "इंजिन गरम आहे. तशीच सुरू होईल."

झालीही. धाकटा दारातच उभा होता. ताई त्याच्या अंगावरून आत गेल्या आणि मशिनवर बसल्या.